मातीतले तेल कोण खाते?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजसमोरची जमीन तुम्ही पाहिली असेल. काळी, चिकट, पायाखाली दबणारी. पाऊस पडला की तिच्यावरच्या डबक्यात सप्तरंगी तवंग दिसतो. तिथे गवताची काडीही उगवत नाही. ही माती मेली, असे आपण मनाशी म्हणतो आणि पुढे जातो.

ती मेलेली नसते, हे आज मला तुम्हाला सांगायचे आहे. त्या काळ्या मातीतली चिमूटभर माती घेऊन प्रयोगशाळेत तपासली, तर तिच्यात लक्षावधी जिवाणू सापडतात. एवढेच नव्हे, तर त्यांतले बरेचसे तेलावरच जगणारे असतात. जिथे आपल्याला नासाडी दिसते, तिथे त्यांची पंगत बसलेली असते. ती पंगत नीट वाढली, तर माती पुन्हा माती होऊ शकते. या उपायाला जैविक शुद्धीकरण म्हणतात.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो, तेव्हा हा विषय फळ्यावर अनेकदा मांडला. पण तो खरा कळला एका शेतकऱ्यामुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात महामार्गाच्या वळणावर डिझेलचा एक टँकर उलटला. दिवस फेब्रुवारीचे होते. रस्त्याच्या खालच्या अंगाला या गृहस्थांचा कांदा उभा होता. डिझेल थेट वाफ्यांत उतरले. बातमी पसरताच लोक कॅन आणि बादल्या घेऊन धावले. जीव धोक्यात घालून जे भरता आले ते भरले आणि गेले. मागे उरली ती करपलेली कांद्याची पात आणि डिझेलने भिजलेली दहा गुंठे जमीन. शेताच्या खालच्या टोकाला विहीर होती. घरचे आणि जनावरांचे पाणी तिचेच.

चार दिवसांनी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तीन मार्ग सांगितलेत लोकांनी. माती काढून टाका, माती जाळून टाका, नाहीतर जमीन विकून टाका. तुम्ही काय म्हणता?"

आधी आम्ही हिशोब केला. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. फक्त एक फूट खोल माती काढायची म्हटली, तरी ती जवळजवळ १०९ ब्रास होते. दोन ब्रासच्या डंपरच्या पन्नासावर खेपा. बरे, ती टाकायची कुठे? ओढ्यात टाकली तर ओढा नासणार, गायरानात टाकली तर गायरान. शिवाय वरची फूटभर माती म्हणजे शेताचे सगळे भांडवल. ती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. जाळायचे म्हटले तर वरचे थोडे जळेल, खोलवरचे तसेच राहील आणि मातीतले उरलेसुरले जीवनही भाजून निघेल. आणि अशी जमीन विकत तरी कोण घेणार?

चौथा मार्ग होता तो जिवाणूंचा. पण तो सांगण्याआधी तो कसा चालतो हे पाहिले पाहिजे.

तेल हेही अन्नच

पेट्रोल, डिझेल, रॉकेल ही सारी हायड्रोकार्बनांची मिश्रणे आहेत. म्हणजे कर्ब आणि हायड्रोजन यांचे अणू एकमेकांना जोडून झालेल्या साखळ्या आणि कडी. साखळी लहान असली की पदार्थ पेट्रोलसारखा पातळ आणि लगेच उडून जाणारा. ती लांबत गेली की डिझेल, मग वंगणाचे तेल, मग मेण आणि शेवटी डांबर. हे पदार्थ आपल्याला परके वाटतात, पण निसर्गाला ते परके नाहीत. खनिज तेल लक्षावधी वर्षे जमिनीच्या आणि समुद्राच्या तळच्या भेगांतून आपोआप झिरपत आले आहे. दूर कशाला, झाडांच्या पानांवर जो मेणचट थर असतो, ज्यामुळे पाण्याचा थेंब घरंगळून जातो, त्यातही अशाच कर्बाच्या लांब साखळ्या असतात. पाने गळतात, मातीत पडतात आणि कुजतात. तो मेणचट थर खाणारे कोणीतरी मातीत असल्याशिवाय हे कसे घडेल?

म्हणूनच हायड्रोकार्बन पचवणारे जिवाणू जवळजवळ प्रत्येक मातीत थोडेफार असतात. क्लॉड झोबेल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४६ मध्ये या विषयाचा मोठा आढावा घेतला. त्या वेळीच अशा सूक्ष्मजीवांच्या सुमारे शंभर जाती ठाऊक झाल्या होत्या. त्यांत स्यूडोमोनास आहे, ऱ्होडोकॉकस आहे, मायकोबॅक्टेरियम आहे, काही बुरश्याही आहेत. ट्रकचालकांनाही यांची ओळख असते, फक्त नाव माहीत नसते. डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी साचले की तेल आणि पाणी यांच्या सीमेवर एक बुळबुळीत साय धरते आणि फिल्टर चोंदतो. ती साय म्हणजे सूक्ष्मजीवांची वसाहतच.

हे जिवाणू तेल खातात म्हणजे काय करतात? तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत. जिवाणू मात्र राहतात पाण्यात, मातीच्या कणांभोवती असलेल्या ओलाव्यात. त्यामुळे बरेच जिवाणू आधी साबणासारखा एक पदार्थ बाहेर सोडतात. त्याने तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि त्यांना तोंड लावता येते. मग जिवाणूचे विकर हवेतला प्राणवायू घेऊन साखळीच्या टोकाला जोडते. एकदा हे झाले की त्या निर्विकार साखळीचे रूपांतर पुढच्या दोन-तीन पायऱ्यांत मेदाम्लात होते. आणि मेदाम्ल तर आपल्याही ओळखीचे. आपण खाल्लेल्या शेंगदाण्याच्या तेलातली मेदाम्ले आपल्या शरीरातल्या पेशी दोन-दोन कर्बांचे तुकडे पाडत पचवतात. जिवाणूही नेमके तेच करतात. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जिवाणूंची वाढलेली प्रजा. तेल संपले की प्रजाही उपासमारीने घटते आणि तिचे खत मातीतच राहते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. माती उचलून दुसरीकडे नेली, तर प्रदूषणाची फक्त जागा बदलते. जिवाणूंनी तेल पचवले, तर ते प्रदूषण म्हणून उरतच नाही.

मग माती आपोआप स्वच्छ का होत नाही?

जिवाणू सगळीकडे आहेत आणि तेल त्यांचे अन्न आहे, तर गॅरेजसमोरची जमीन वर्षानुवर्षे काळी का राहते? कारण नुसत्या तेलावर कोणी जगत नाही. रोज फक्त वाटीभर तूप दिले, तर माणूस तरी जगेल का?

तेलात कर्ब भरपूर असतो, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतात. जिवाणूला आपले शरीर बांधायला ते लागतात. एक ठोकताळा असा की शंभर भाग कर्बामागे दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद असावे. साधारण १४० लिटर डिझेलमध्ये १०० किलो कर्ब असतो. त्यासाठी १० किलो नत्र, म्हणजे जवळपास २२ किलो युरिया लागेल. अर्थात सगळा एकदम टाकून चालत नाही. खताचा मारा जास्त झाला तर क्षार वाढतात आणि जिवाणूच दगावतात. शिवाय जास्तीचे नायट्रेट पावसाबरोबर विहिरीत उतरते. म्हणून हप्त्याहप्त्याने, मातीचे परीक्षण करून खत द्यावे लागते.

दुसरी गरज प्राणवायूची, आणि खरी मेख तिथेच आहे. एक लिटर डिझेल पूर्ण पचवायला जवळजवळ २.८ किलो प्राणवायू लागतो. एवढा प्राणवायू सुमारे दहा घनमीटर हवेत असतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीतली सगळी हवा वापरली, तरी तिच्यात तीन लिटर डिझेलसुद्धा पुरते पचणार नाही. तोच प्राणवायू पाण्यातून पुरवायचा म्हटला, तर गंमतच होते. पाण्यात तो फार थोडा विरघळतो, एका लिटरमध्ये जेमतेम आठ मिलिग्रॅम. म्हणजे एका लिटर डिझेलसाठी साडेतीन लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे पस्तीस टँकर! म्हणून चिखल झालेल्या, पाणी तुंबलेल्या किंवा चाकांखाली दाबून टणक झालेल्या मातीत हे काम रेंगाळते. गॅरेजसमोरच्या जमिनीचे दुखणे हेच. तिथे तेलाची भर रोज पडते आणि हवेचा शिरकाव नसतो.

तिसरी गरज ओलाव्याची आणि चौथी उबेची. कोरड्या मातीत जिवाणू निपचित पडतात. थंडीत त्यांचे काम मंदावते. आपल्याकडच्या हवामानात उबेची चिंता बहुधा नसते, उलट उन्हाळ्यात माती कोरडी पडू न देणे हेच काम असते.

हे सगळे पाठ्यपुस्तकातले मुद्दे मी त्या शेतकऱ्यांना समजावत होतो. पाणी हवे पण तुंबता कामा नये, हवा खेळली पाहिजे, ऊब हवी. ते मध्येच म्हणाले, "म्हणजे वाफसा म्हणा की!" मी थक्क झालो. मातीच्या पोकळ्यांत निम्मे पाणी आणि निम्मी हवा असते ती अवस्था सांगायला मला पाच मिनिटे लागली होती आणि आपल्या भाषेत त्यासाठी एक शब्द पूर्वीपासून होता. तेल खाणाऱ्या जिवाणूंना वाफसा लागतो. ज्याला वाफसा कळतो, त्याला या शास्त्राचा निम्मा भाग आधीच येत असतो.

हॅनाहानची गोष्ट

हे प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर जमते का? याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यातले आहे. चार्ल्स्टन शहराजवळच्या हॅनाहान या गावी लष्कराच्या इंधनाचा साठा होता. १९७५ मध्ये तिथल्या टाकीतून सुमारे ८०,००० गॅलन, म्हणजे तीन लाख लिटर विमानाचे इंधन गळले. बरेचसे लगेच गोळा केले गेले. पण जमीन रेताड होती. काही इंधन आत मुरले ते थेट भूजलापर्यंत. पावसाचे पाणी त्या मातीतून जाताना बेंझिन, टोल्युइन असे विषारी घटक धुऊन बरोबर नेऊ लागले. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. १९८५ पर्यंत हे दूषित भूजल शेजारच्या वस्तीखाली जाऊन पोहोचले.

माती उकरून काढणे शक्य नव्हते. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाच्या शास्त्रज्ञांनी तिथली माती तपासली, तेव्हा दिसले की मातीतले जिवाणू आपणहून कामाला लागलेले आहेत. ते इंधनातले विषारी घटक खाऊन त्यांचा कार्बन डायऑक्साइड करत होते. मात्र त्यांचा वेग अपुरा होता. त्यांची उपासमार कोणत्या घटकासाठी होते आहे ते प्रयोगशाळेत शोधले गेले. मग १९९२ मध्ये दूषित जमिनीत पाझरचर बांधून त्यातून पोषकद्रव्ये मुरवायला सुरुवात झाली. बाहेरून एकही जिवाणू आणला नाही. जे होते त्यांनाच जेवू घातले. १९९३ च्या अखेरीस वस्तीखालचे प्रदूषण ७५ टक्क्यांनी घटले होते. पाझरचरांच्या जवळ तर एका अब्ज भागात पाच हजार भागांहून अधिक टोल्युइन असलेल्या पाण्यात नंतर ते मोजण्याइतकेही सापडले नाही.

या तंत्राची सुरुवात आणखी आधीची आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात अँब्लर येथे पाइपलाइनमधून गळलेले पेट्रोल १९७० च्या दशकात रिचर्ड रेमंड यांनी याच पद्धतीने, जमिनीखाली हवा आणि पोषकद्रव्ये पुरवून हटवण्याचा यशस्वी प्रयोग केला होता. पुढे १९८९ च्या मार्चमध्ये अलास्कात 'एक्झॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि चार कोटी लिटरच्या आसपास कच्चे तेल समुद्रात गेले. तिथल्या गोट्यागोट्यांच्या किनाऱ्यावर चाचणीसाठी काही पट्ट्यांत खत फवारले गेले. दोन-तीन आठवड्यांत ते पट्टे आजूबाजूच्या काळ्या किनाऱ्यावर डोळ्यांना दिसतील इतके उजळले. त्यानंतर शंभरावर किलोमीटर किनाऱ्यावर हा उपाय केला गेला.

विरजण लावायचे की नाही?

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. बाजारात जिवाणूंच्या पिशव्या मिळतात. त्या आणून टाकल्या की काम झाले, असे नाही का?

याचे उत्तर दह्याच्या उदाहरणाने देतो. दुधात विरजण घातले की दही लागते, कारण तापवलेल्या दुधात दुसरे कोणी स्पर्धक नसतात. माती म्हणजे तापवलेले दूध नव्हे. तिच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू आधीच ठाण मांडून बसलेले असतात. बाहेरून आणलेला पाहुणा तिथे टिकेलच, याची खात्री नसते. म्हणून साध्या गळतीत स्थानिक जिवाणूंना हवा, पाणी आणि खत देणे हाच पहिला उपाय. पण जिथे प्रदूषण फारच दाट असते, उदाहरणार्थ तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्यांच्या तळाचा घट्ट गाळ, तिथे निवडलेल्या जिवाणूंचे विरजण खरोखर उपयोगी पडते.

या बाबतीत भारतीयांचे काम मोठे आहे. दिल्लीच्या 'टेरी' या संस्थेत बनवारी लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ऑइलझॅपर' नावाचे जिवाणूंचे मिश्रण तयार केले. तेलाचे निरनिराळे घटक खाणारे निरनिराळे जिवाणू त्यात एकत्र नांदतात. दाणे काढून घेतलेल्या मक्याच्या कणसाच्या भुग्यावर ते बसवलेले असतात. देशातल्या तेलक्षेत्रांत आणि शुद्धीकरण कारखान्यांत तेलकट गाळासाठी ते वापरले गेले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन तेल पसरले, तेव्हा किनाऱ्याच्या सफाईसाठीही या मिश्रणाचा उपयोग करण्यात आला.

दुसरे नाव आनंद मोहन चक्रवर्ती यांचे. पश्चिम बंगालमध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्यूडोमोनासचा एक नवा प्रकार घडवला. तेलाचे वेगवेगळे घटक पचवण्याचे गुण वेगवेगळ्या जिवाणूंत होते, ते त्यांनी एकाच जिवाणूत आणले. सजीवाचे पेटंट देता येते का, यावर वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. जगाच्या जैवतंत्रज्ञानाला त्या निकालाने वळण दिले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. गंमत अशी की तो गाजलेला जिवाणू उघड्यावर सांडलेल्या तेलावर कधी सोडला गेला नाही. प्रयोगशाळेत घडवलेला सजीव मोकळ्या निसर्गात सोडावा की नाही, ही भीती आडवी आली. कामाला आले ते मातीतले साधेच जिवाणू.

तीन पद्धती

प्रत्यक्ष काम तीन प्रकारे करतात. पहिला प्रकार, माती जागच्या जागी ठेवून तिच्यात पाइप घालून हवा खेळवायची. इमारतीखाली किंवा पेट्रोल पंपाच्या फरशीखाली गळती असेल, तर हा मार्ग सोयीचा. दुसरा प्रकार शेतीसारखा. माती पातळ थरात पसरायची, खत घालायचे, पाणी शिंपडायचे आणि नांगराने वरखाली करत राहायचे. तिसरा प्रकार ढिगाचा. प्लास्टिकच्या जाड कागदावर मातीचा ढीग रचायचा, त्यात भुसा किंवा पालापाचोळा मिसळून तो भुसभुशीत करायचा आणि आतून हवा फिरवायची. कंपोस्ट खताचा खड्डा ज्याने भरला आहे, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. डिझेलच्या प्रदूषणाला अशा उपायांनी काही महिन्यांपासून दीड-दोन वर्षे लागतात.

जिथे जिवाणू हात टेकतात

आता याची दुसरी बाजू. हा काही रामबाण उपाय नाही. साध्या साखळ्या जिवाणू चटकन खातात, पण अनेक कडी एकमेकांत अडकलेले जड घटक फार सावकाश पचतात. डांबरासारखा भाग बराच काळ उरतो. धातू तर कोणताच जिवाणू 'खाऊन' संपवू शकत नाही. भारतात २००० सालापर्यंत शिसेयुक्त पेट्रोल मिळत होते. त्यातले शिसे जिथे सांडले, तिथे मातीत ते आहेच. गाडीच्या जळक्या ऑइलमध्येही इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू असतात. म्हणून ते ऑइल जमिनीवर ओतणे किंवा वाळवी मरावी म्हणून कुंपणाच्या खांबांना फासणे, ही वाईट सवय आहे.

खोलीचा प्रश्न तर आहेच. अलास्काच्या किनाऱ्यावर २००१ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा वरून स्वच्छ दिसणाऱ्या गोट्यांखाली खणल्यावर तेल सापडले. बारा वर्षांनंतरही ते तसेच होते, कारण तिथवर प्राणवायू पोहोचत नव्हता. मिनेसोटा राज्यात बेमिड्जी येथे १९७९ मध्ये पाइपलाइन फुटून कच्चे तेल जमिनीत मुरले. ती जागा शास्त्रज्ञांनी मुद्दाम अभ्यासासाठी राखली. प्राणवायू संपल्यावर मातीतल्या लोहाच्या संयुगांचा आधार घेऊन तेल पचवणारे जिवाणू तिथे आढळले. बेंझिनसारखे घटक भूजलातून फार दूर जाण्याआधी ते अडवतात. निसर्ग हार मानत नाही, हे खरे. पण त्याचा वेग दशकांचा असतो आणि तहानलेल्या माणसाला तेवढा धीर धरता येत नाही.

आणखी एक सावधगिरी. वास गेला म्हणजे तेल गेले, असे नाही. पेट्रोलचा मोठा भाग नुसता हवेत उडून जातो. जिवाणूंनी काम केले की नाही, हे मातीतला प्राणवायू घटतो का, कार्बन डायऑक्साइड वाढतो का आणि तेलाचे प्रमाण खरोखर किती उतरले, यावरून ठरते. ही तपासणी प्रयोगशाळेतच व्हायला हवी. कोणी पिशवी विकायला आला आणि आठ दिवसांत माती स्वच्छ करून देतो म्हणाला, तर त्याच्याकडे आधीचे आणि नंतरचे तपासणीचे आकडे मागा.

दहा गुंठ्यांचे काय झाले?

आमच्या शेतकऱ्यांनी आधी साचलेले डिझेल लाकडाच्या भुशाने टिपून घेतले. मग विहिरीच्या बाजूने बांध घातला, पावसाचे पाणी त्या तुकड्यातून खाली उतरू नये म्हणून. त्यानंतर नांगरट केली, शेणखत घातले, युरिया आणि सुपर फॉस्फेट थोडे थोडे दिले. उन्हाळाभर हलके पाणी शिंपडून वाफसा राखला आणि दर पंधरा दिवसांनी माती वरखाली केली. शेजारी हसत होते. पिकाविना जमिनीची एवढी मशागत कोण करतो?

परीक्षा मात्र साधी होती. दोन कुंड्या घ्यायच्या, एकीत ही माती, दुसरीत शेजारच्या शेतातली. दोन्हींत मोजून मेथीचे दाणे टाकायचे. पहिल्यांदा आमच्या कुंडीत काहीच आले नाही. पावसाळ्यानंतर थोडे उगवले, पण पिवळे पडले. पुढच्या मेमध्ये दोन्ही कुंड्या जवळजवळ सारख्या दिसल्या. प्रयोगशाळेचा अहवालही तेच सांगत होता. त्या पावसाळ्यात त्यांनी आधी ताग पेरून गाडला. त्याच्या पुढच्या वर्षी बाजरी उभी राहिली.

पण सगळेच गोड झाले नाही. रस्त्याच्या मोरीखालच्या सखल पट्टीत डिझेल खोल मुरुमात उतरले होते. तिथे नांगर पोहोचत नाही आणि हवाही. आजही कुदळ मारली की वास येतो. तीन हंगाम बुडाले. नुकसानभरपाईच्या कागदाला मात्र पाय फुटले नाहीत. जिवाणूंनी आपले काम केले, माणसांचे राहिले.

म्हणून शेवटी एवढेच सांगतो. तेल सांडले तर पहिल्या दिवशी केलेल्या कामाचे मोल नंतरच्या वर्षभराच्या कामाहून जास्त असते. ठिणगीपासून दूर राहा, पोलिसांना आणि अग्निशमन दलाला लगेच कळवा, तेल पसरण्याआधी अडवा आणि पाण्याकडे जाऊ देऊ नका. गॅरेज, जनरेटर, डिझेलचा पंप जिथे असेल, तिथे खाली एक पत्र्याचा ट्रे ठेवायला फार खर्च येत नाही. चेन्नईच्या तोंडियारपेठ भागात २०१३ मध्ये रहिवाशांच्या कूपनलिकांतून पाण्याबरोबर तेल येऊ लागले होते. जमिनीखालची गळती अशीच असते. ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

त्या शेतकऱ्यांच्या विहिरीचे पाणी आम्ही दर सहा महिन्यांनी तपासून घेतो. आजवर ते चांगले निघाले आहे. तरीही रोज सकाळी पहिली बादली वर आली की ते ती आधी नाकाजवळ नेतात आणि मगच जनावरांपुढे ठेवतात.